४.१२ की ४.२१? महाविद्यालयीन फुटबॉलपटूंचा वेग नेमका कशाने मोजावा?

यार्डमोजणीदार (कोलंबस, ओहायो)

नमस्कार मंडळी. हा धागा अमेरिकन फुटबॉलविषयी आहे हे सुरुवातीलाच सांगतो, म्हणजे मेस्सीचे चाहते दार चुकल्याबद्दल माझ्यावर रागावणार नाहीत.

मी कोलंबसमध्ये राहतो. सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात शनिवारी या गावात फुटबॉलखेरीज दुसरे काही घडत नाही. कार्यालयात माझ्या शेजारी बसणारा सहकारी मात्र ऑबर्न विद्यापीठाचा जुना विद्यार्थी आहे आणि त्याच्या मते महाविद्यालयीन फुटबॉलमधील सर्वांत वेगवान खेळाडू एकच झाला, तो म्हणजे बो जॅक्सन. १९८५ सालची हाइझमन ट्रॉफी (वर्षातल्या सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूचा मान) जिंकलेल्या या रनिंग बॅकने, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्या खेळाडूने, १९८६ च्या ड्राफ्टपूर्वी (व्यावसायिक संघ नवे खेळाडू निवडतात तो कार्यक्रम) ४० यार्डांचे अंतर ४.१२ सेकंदांत कापले, असे तेव्हापासून सांगितले जाते. त्यावर मी म्हणालो, की टेक्सास विद्यापीठाच्या झेवियर वर्दीने मार्च २०२४ मध्ये इंडियानापोलिसच्या कम्बाइनमध्ये, म्हणजे ड्राफ्टआधीच्या शारीरिक चाचण्यांत, ४.२१ ची नोंद केली आणि कम्बाइनचा विक्रम तोच आहे. सहकाऱ्याचे उत्तर तयारच होते. “४.१२ हा आकडा ४.२१ पेक्षा लहान असतो, हे तुमच्याकडे शिकवत नाहीत का?”

पैज लागली आहे. मी हरलो, तर पुढच्या सामन्याला यार्डामागे एक या हिशेबाने चाळीस कोथिंबीर वड्या करून न्यायच्या; तो हरला, तर आठवडाभर ऑबर्नची टोपी घालायची नाही. गेली सहा वर्षे मी त्याला त्या टोपीशिवाय पाहिलेले नाही, यावरून पैजेचे गांभीर्य लक्षात यावे. दोन वेगवेगळ्या काळांतल्या खेळाडूंच्या वेगाची तुलना कशी करावी, आणि मुळात ती करता येते का, हे जाणकारांनी सांगावे.

ऑस्टिनकर

यात चर्चा करण्यासारखे फारसे काही नाही. वर्दीने त्या दिवशी पहिल्या प्रयत्नात ४.२५ आणि दुसऱ्या प्रयत्नात ४.२१ अशी वेळ दिली. त्याच्याआधीचा विक्रम वॉशिंग्टन विद्यापीठाच्या जॉन रॉसचा होता, ४.२२, सन २०१७. बेलर विद्यापीठाच्या केलन बार्न्सने २०२२ मध्ये ४.२३ आणि ईस्ट कॅरोलायनाच्या ख्रिस जॉन्सनने २००८ मध्ये ४.२४ ची नोंद केली. या सर्व वेळा एकाच शहरात, छताखालच्या स्टेडियममध्ये, इलेक्ट्रॉनिक यंत्रणेवर घेतलेल्या आहेत. बो जॅक्सनची वेळ कोणाच्या तरी हातातल्या स्टॉपवॉचवर घेतलेली आहे. वड्या करण्याची वेळ तुमच्यावर येणार नाही.

भिडू७७

जॉन रॉसचा उल्लेख झालाच आहे, म्हणून एक आठवण. त्या वर्षी आदिदास कंपनीने जाहीर केले होते, की आमचे बूट घालून जो विक्रम मोडेल त्याला आम्ही एक बेट देऊ. रॉसने विक्रम मोडला, पण पायांत नायकीचे बूट होते. बूट निवडताना शंभरदा विचार करावा.

शिट्टीवाले मास्तर (सातारा)

मला तुमचा हा फुटबॉल कळत नाही. परंतु तीस वर्षे शालेय आणि जिल्हा स्पर्धांत वेळाधिकारी म्हणून अंतिम रेषेजवळच्या जिन्यावर बसलो आहे, त्या अनुभवावरून घड्याळाबद्दल चार गोष्टी सांगू शकतो.

स्टॉपवॉच हाताने सुरू करताना वेळाधिकाऱ्याने पिस्तुलाच्या आवाजाकडे लक्ष न देता धूर किंवा ठिणगी दिसताच बटण दाबायचे असते, कारण शंभर मीटरवरून आवाज पोहोचायला सुमारे तीन दशांश सेकंद लागतात. तरीही डोळ्यांनी पाहून अंगठा हलेपर्यंत थोडा काळ जातोच, म्हणजे घड्याळ उशिरा सुरू होते. शेवटी मात्र धावपटू आपल्याकडे येताना दिसत असतो, रेषेवर तो केव्हा पोहोचेल याचा अंदाज मनाने आधीच बांधलेला असतो आणि बटण जवळजवळ वेळेवर दाबले जाते. सुरुवात उशिरा आणि शेवट वेळेवर, त्यामुळे हाताने घेतलेली वेळ खऱ्या वेळेपेक्षा कमीच भरते. म्हणूनच ॲथलेटिक्समध्ये शंभर मीटरच्या हाताने घेतलेल्या वेळेची विद्युत वेळेशी तुलना करताना तिच्यात ०.२४ सेकंद मिळवण्याची रूढी आहे. शिवाय हाताची वेळ दशांशापर्यंतच धरतात आणि तीही पुढच्या दशांशावर नेऊन. तीन घड्याळांनी तीन वेगळ्या वेळा दाखवल्या, तर मधली घेतात.

आता तुम्हीच विचार करा. हाताच्या घड्याळावरचे ४.१२ असे शतांशापर्यंत लिहिणे म्हणजे भाजीवाल्याच्या तराजूवर सोने तोलण्यासारखे आहे.

यार्डमोजणीदार

मास्तर, आपला प्रतिसाद छापून भिंतीवर लावण्याजोगा आहे. ०.२४ मिळवले, तर बो जॅक्सनची वेळ ४.३६ होते. मग पैज मीच जिंकली, असे समजू का?

अर्धवट गणिती (पुणे)

थांबा, इतक्या लवकर समजू नका. ०.२४ ची ती रूढी पिस्तुलाने सुरू होणाऱ्या शर्यतीसाठी आहे. ४० यार्डांच्या या धावेत पिस्तूल नसते. खेळाडू एक हात जमिनीवर टेकवून उभा राहतो आणि त्याला वाटेल तेव्हा निघतो. त्याची पहिली हालचाल दिसली, की घड्याळ सुरू होते. म्हणजे खेळाडूचा स्वतःचा प्रतिक्रिया-काळ या वेळेत धरलेलाच नसतो.

आणि ऑस्टिनकर ज्याला इलेक्ट्रॉनिक म्हणत आहेत, ती यंत्रणाही पूर्णपणे तशी नाही. कम्बाइनमध्ये शेवटी किरण असतो हे खरे. पण सुरुवातीचे बटण खेळाडूची पहिली हालचाल पाहून माणूसच दाबतो. म्हणजे वर्दीच्या ४.२१ मध्येही एका अंगठ्याचा वाटा आहे. बो जॅक्सनच्या वेळेत असे दोन अंगठे आहेत, इतकाच फरक.

हे अंगठे किती महागात पडतात, ते उसेन बोल्टवरून पाहू. बर्लिनमध्ये २००९ साली ९.५८ सेकंदांचा विक्रम करताना तो ३० मीटरवर ३.७८ आणि ४० मीटरवर ४.६४ सेकंदांत पोहोचला होता. ४० यार्ड म्हणजे ३६.५८ मीटर. तिसाव्या मीटरनंतरच्या ६.५८ मीटरसाठी त्याच गतीने ०.५७ सेकंद धरले, तर ४.३५ होतात. त्यातून त्याचा ०.१४६ सेकंदांचा प्रतिक्रिया-काळ वजा केला, कारण इथे पिस्तूल नाही, तर उत्तर ४.२० येते. स्पाइक्स, स्टार्टिंग ब्लॉक आणि कृत्रिम ट्रॅक यांच्या मदतीने धावलेला जगातला सर्वांत वेगवान माणूस आणि साध्या बुटांत धावलेला एक महाविद्यालयीन रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारा खेळाडू) यांच्यात शतांशाचा फरक उरतो. हे कोणाला खरे वाटते?

ऑस्टिनकर

मला वाटते. बोल्टची सुरुवात कधीच सर्वोत्तम नव्हती. तो साठ मीटरनंतर इतरांना मागे टाकत असे. पहिल्या ३६ मीटरांपुरता वर्दी त्याच्या जवळपास असणे अशक्य नाही. शिवाय फेब्रुवारी २०१९ मध्ये अटलांटात सुपर बोलच्या, म्हणजे व्यावसायिक लीगच्या अंतिम सामन्याच्या, निमित्ताने निवृत्त बोल्टने ट्रॅकसूट आणि साधे बूट घालून गंमत म्हणून हीच धाव घेतली, तेव्हा अनौपचारिक वेळ ४.२२ आली होती.

अर्धवट गणिती (पुणे)

आपण माझेच म्हणणे सिद्ध करत आहात. निवृत्त झालेला, सराव सोडलेला, ट्रॅकसूट घातलेला बोल्ट ४.२२ आणि कारकिर्दीच्या शिखरावरचा बोल्ट ४.२०, असे दोन्ही आकडे एकाच घड्याळावर येतील का? निवृत्तीनंतर माणूस फक्त दोन शतांशांनी हळू होत नसतो; मोजणेच तितके सैल असते.

नुसताच प्रेक्षक

एक भाबडी शंका विचारतो. मैदान शंभर यार्डांचे आहे, मग धाव चाळीसच यार्डांची का? पन्नास का नाही?

मिशिगनची माई

यामागची नेहमी सांगितली जाणारी कथा पॉल ब्राउन या प्रशिक्षकांची आहे. यार्डमोजणीदारांच्या ओहायो स्टेटला १९४२ चे राष्ट्रीय विजेतेपद त्यांनीच मिळवून दिले आणि पुढे क्लीव्हलँडचा संघही त्यांच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. (मी मिशिगनची असून ओहायोच्या माणसाचे कौतुक करते आहे, याची नोंद घ्यावी.) पंट, म्हणजे पायाने लांब टोलवलेला चेंडू, साधारण चाळीस यार्डांवर जाऊन पडतो. तो पडेपर्यंत तिथे पोहोचेल असा खेळाडू कोणता, हे पाहायला ही धाव सुरू झाली, असे सांगतात. म्हणजे मुळात हे मोजमाप एका विशिष्ट कामासाठी होते; आता मात्र त्यावरून माणसाची किंमत ठरते.

ती किंमत किती फसवी असते, याचा माझा लाडका दाखला म्हणजे आमच्या मिशिगनचा टॉम ब्रेडी. सन २००० च्या कम्बाइनमध्ये त्याने ४० यार्ड ५.२८ सेकंदांत कापले होते. त्या धावेची चित्रफीत पाहिली, की लग्नात पंगत वाढणारा मुलगा भाताचे पातेले सांभाळत चालला आहे असे वाटते. परंतु तीन शंकूंभोवती वळसे घालत पळण्याची जी चाचणी असते, तीत त्याने ७.२० सेकंद घेतले. २०१९ मध्ये ओल मिसच्या डी. के. मेटकाफने ४० यार्ड ४.३३ सेकंदांत कापून साऱ्यांना अवाक केले. पण त्याच शंकूंभोवती त्याला ७.३८ सेकंद लागले. म्हणजे वळणावर ब्रेडी मेटकाफहून वेगवान ठरला.

भिडू७७

माई, पंगतीतला मुलगा भात सांडत नाही, हेही लक्षात घ्या. ब्रेडीनेही फारसे काही सांडले नाही.

खांबमिठी (सांगली)

माईंचा मुद्दा खो-खो खेळलेल्या कोणालाही चटकन पटेल. आमच्या संघात शंभर मीटरला जिल्ह्यात पहिला येणारा एक मुलगा होता आणि तो पाठलागाला उठला, की समोरचा पळणारा निश्चिंत होत असे. सरळ रेषेत त्याला कोणी हरवू शकत नव्हते, पण खांबाजवळ हुलकावणी मिळाली, की तो चार पावले पुढे जाऊन थांबे. वेग वाढवण्याइतकाच तो मोडण्याचाही कस लागतो. फुटबॉलमध्ये रिसीव्हर आणि त्याच्यामागे लागलेला कॉर्नरबॅक यांच्यात हेच चालत असावे.

मिशिगनची माई

अगदी हेच चालते. कूपर कप हा रिसीव्हर ईस्टर्न वॉशिंग्टनसारख्या दुसऱ्या फळीच्या विद्यापीठात खेळला. तिथे त्याने चार मोसमांत ४२८ झेल आणि ६,४६४ यार्ड अशी कामगिरी केली. २०१७ च्या कम्बाइनमध्ये त्याची वेळ ४.६२ आली आणि तो ड्राफ्टच्या तिसऱ्या फेरीपर्यंत घसरला. त्याच कम्बाइनमध्ये ४.२२ ची नोंद करणारा जॉन रॉस नवव्या क्रमांकावर निवडला गेला. पहिल्या मोसमात रॉसच्या नावावर एकही झेल नव्हता. दुखापतींचाही त्यात वाटा होता, हे सांगायला हवे. पुढे कप सुपर बोलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

ऑस्टिनकर

माई, कप चांगला खेळाडू आहे म्हणून तो वेगवान ठरत नाही. धाग्याचा प्रश्न वेगाचा आहे, उपयोगाचा नाही. “वेग म्हणजे सर्वस्व नाही” हे मला मान्य आहे, पण ते वाक्य हळू धावणाऱ्यांचे चाहतेच अधिक म्हणतात.

जाकीटमापे (नॉर्थ कॅरोलायना)

बराच वेळ वाचतो आहे. मी एका विद्यापीठाच्या क्रीडा विभागात खेळाडूंच्या जीपीएस नोंदींचे काम करतो. त्यामुळे या विषयात थोडे लिहितो.

हल्ली बहुतेक मोठ्या विद्यापीठांत खेळाडू पॅडखाली एक घट्ट जाकीट घालतात आणि दोन खांद्यांच्या मध्ये, पाठीवर, काडेपेटीहून थोडे मोठे यंत्र असते. मेलबर्नच्या कॅटापल्ट कंपनीची यंत्रे यांत सर्वांत परिचित आहेत. सेकंदाला दहा वेळा खेळाडूचे स्थान नोंदले जाते आणि त्यावरून सर्वोच्च वेग काढला जातो. अमुक खेळाडूने ताशी २२ मैल गाठले, अशा बातम्या येतात त्या इथून. ताशी २० मैल म्हणजे सुमारे ३२ किलोमीटर, २२ म्हणजे ३५ आणि २३ म्हणजे ३७. महाविद्यालयीन पातळीवर २० गाठणारे पुष्कळ असतात, २२ च्या वर जाणारे मोजके.

या आकड्यांचा मोठा गुण असा, की ते खऱ्या सामन्यातले असतात. अंगावर हेल्मेट आणि पॅड असतात, समोर अडवायला माणूस असतो. दोष असा, की ते तुलनेला सहसा हाती लागत नाहीत. व्यावसायिक लीगमध्ये प्रत्येक खेळाडूच्या खांद्याच्या पॅडमध्ये एकाच प्रकारची चिप असते आणि आकडे सर्वांसाठी प्रसिद्ध होतात. महाविद्यालयांत तसे नाही. प्रत्येक विद्यापीठ आपली नोंद आपल्याजवळ ठेवते आणि मनासारखा आकडा आला, तरच बाहेर सोडते. सरावातला २३ चा आकडा वृत्तपत्रात येतो, त्याच खेळाडूचे दहा सामन्यांतले २०.५ कोणी सांगत नाही. ब्रूस फेल्डमन हे क्रीडा पत्रकार दरवर्षी मोसमापूर्वी अचाट शारीरिक क्षमतेच्या महाविद्यालयीन खेळाडूंची जी यादी देतात, ती मीही आवडीने वाचतो; पण तिच्यातले आकडे विद्यापीठांनीच पुरवलेले असतात, हे विसरत नाही.

आणखी एक गोष्ट. सर्वोच्च वेग आणि ४० यार्डांची वेळ ही एकाच गोष्टीची दोन मापे नाहीत. ४० यार्डांतला बराच भाग वेग पकडण्यातच जातो. पहिले दहा यार्ड झपाट्याने कापणारा खेळाडू शेवटी मागे पडला, तरी एकूण वेळ चांगली देतो. उलट लांब ढांगांचा उंच खेळाडू चाळीस यार्डांनंतर कुठे फुलायला लागतो.

यार्डमोजणीदार

मग उंच आणि वजनदार खेळाडूंचे काय? कम्बाइनमध्ये लाइनमनलाही, म्हणजे पुढच्या रांगेत समोरच्याला भिडणाऱ्या खेळाडूलाही, तेच चाळीस यार्ड धावायला लावतात, हे मला नेहमीच गमतीचे वाटते. सामन्यात तो बिचारा सलग चाळीस यार्ड कधी धावतो?

अर्धवट गणिती (पुणे)

क्वचितच. म्हणूनच लाइनमनच्या बाबतीत स्काउट, म्हणजे संघांसाठी खेळाडू हेरणारे, पहिल्या दहा यार्डांची वेळ वेगळी पाहतात. पण वजनाचा हिशेब घातला, तर सगळी क्रमवारीच उलटी होते. जॉर्जिया विद्यापीठाचा जॉर्डन डेव्हिस २०२२ मध्ये ३४१ पौंड, म्हणजे जवळजवळ १५५ किलो वजन घेऊन ४.७८ सेकंदांत धावला. त्याचा सरासरी वेग सेकंदाला ७.६५ मीटर झाला. वर्दीचे वजन १६५ पौंड, म्हणजे ७५ किलो, आणि सरासरी वेग ८.६९ मीटर. आता संवेग काढा. डेव्हिसचा १,१८० च्या घरात जातो आणि वर्दीचा ६५० च्या. समोरून येणारी एक जण स्कूटर असेल, तर दुसरा एसटीची बस आहे. आणि बस स्कूटरपेक्षा फक्त अर्धा सेकंद मागे आहे.

बो जॅक्सनचे वजन शंभर किलोंच्या आसपास होते. यार्डमोजणीदारांचा सहकारी आकड्यांत हरला, तरी या मुद्द्यावर तो टोपी डोक्यावर ठेवू शकेल.

ऑस्टिनकर

संवेगाची पैज लागलेली नाही. विषय बदलू नये.

शिट्टीवाले मास्तर (सातारा)

माझ्यासारख्याला एकच कसोटी कळते, ती म्हणजे ट्रॅक. तुमचे हे खेळाडू खऱ्या शर्यतीत, पिस्तुलाच्या इशाऱ्यावर, विद्युत घड्याळासमोर कधी उतरतात का? उतरले, तर सगळा वाद मिटेल.

मिशिगनची माई

मास्तर, उतरतात आणि पुष्कळदा चमकतात. फ्लोरिडा ए अँड एम विद्यापीठात फुटबॉल खेळणाऱ्या बॉब हेजने १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरचे सुवर्णपदक जिंकले. नोंद १०.० अशी झाली आणि शतांशात ती १०.०६ होती. तेही निखाऱ्याच्या मातीच्या ट्रॅकवर, पहिल्या मार्गिकेतून, जिथे चालण्याच्या शर्यतीने आधीच माती उकरली होती. पुढे तो डॅलसकडून सुपर बोलही जिंकला. त्याला एकट्याने अडवणे कोणालाच जमेना, तेव्हा प्रतिस्पर्ध्यांनी माणसामागे माणूस लावण्याऐवजी जागा वाटून राखण्यावर भर द्यायला सुरुवात केली. एखाद्याच्या वेगामुळे समोरच्यांना खेळण्याची पद्धत बदलावी लागली, याहून मोठे मोजमाप मला तरी सुचत नाही.

अलीकडे लुइझियाना स्टेटचा ट्रिंडन हॉलिडे हा जेमतेम साडेपाच फूट उंचीचा खेळाडू २००९ मध्ये महाविद्यालयीन शंभर मीटरचा विजेता झाला. टेक्सासचा मार्किस गुडविन २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये लांब उडीत उतरला आणि २०१३ च्या कम्बाइनमध्ये ४.२७ धावला.

जाकीटमापे (नॉर्थ कॅरोलायना)

माईंच्या यादीत मी मेटकाफला पुन्हा आणतो. ऑक्टोबर २०२० मध्ये, व्यावसायिक सामन्यात, चेंडू हिसकावून पळणाऱ्या प्रतिस्पर्धी बडा बेकरला त्याने जवळजवळ मैदानभर धावून पकडले. चिपने त्याचा वेग ताशी २२.६४ मैल दाखवला. लोक म्हणू लागले, की हा ऑलिंपिकला जाईल. मे २०२१ मध्ये तो कॅलिफोर्नियातल्या एका अधिकृत स्पर्धेत शंभर मीटर धावला. वेळ १०.३६ आली आणि आपल्या गटातल्या नऊ जणांत तो शेवटचा आला.

याचे दोन अर्थ निघतात आणि दोन्ही खरे आहेत. फुटबॉलमधला असामान्य वेग खऱ्या धावपटूंमध्ये सामान्य ठरतो. आणि शंभर किलोंहून अधिक वजनाचा, पूर्ण वेळ दुसराच खेळ खेळणारा माणूस १०.३६ धावतो, तेव्हा भारताचा त्या वेळचा राष्ट्रीय विक्रम १०.२६ होता, हे आठवून मान खाली घालावी लागते.

खांबमिठी (सांगली)

मान खाली घालण्याचे कारण नाही, पण आकडा वाचून दोन मिनिटे गप्प बसलो होतो, हे कबूल करतो.

भिडू७७

प्रतिक्रिया-काळाचा विषय निघाला आहे, तर डेव्हन ॲलनची आठवण व्हायला हवी. ओरेगन विद्यापीठात तो रिसीव्हर होता आणि अडथळ्यांच्या शर्यतीतही धावत असे. २०२२ ची जागतिक स्पर्धा त्याच्याच विद्यापीठाच्या गावात, यूजीनला झाली. अंतिम शर्यतीत त्याचा प्रतिक्रिया-काळ ०.०९९ निघाला, नियमाची मर्यादा ०.१०० ची, म्हणून त्याला बाद केले. घरच्या प्रेक्षकांसमोर, सेकंदाच्या हजाराव्या भागासाठी. आणि इथे आपण दोन अंगठ्यांच्या घड्याळावरून वड्यांची पैज लावतो आहोत.

ऑस्टिनकर

एवढे सगळे वाचल्यावर मी थोडा मागे येतो. वेगवेगळ्या वर्षांतील कम्बाइनच्या वेळांची आपसांत तुलना करणे मला अजूनही रास्त वाटते, कारण तिथला अंगठा असला, तरी तो सर्वांसाठी सारखाच असतो. पण कम्बाइनची वेळ एका बाजूला आणि विद्यापीठाच्या स्वतःच्या मैदानावर मार्च महिन्यात होणाऱ्या प्रो डेची वेळ दुसऱ्या बाजूला, ही तुलना मी यापुढे करणार नाही. प्रो डेला स्काउट रांगेने स्टॉपवॉच घेऊन उभे असतात आणि त्या दिवशी त्या विद्यापीठातले सगळेच जण वाऱ्यासारखे धावतात, हा अनुभव सर्वांनाच आहे.

मात्र गणितींना एक प्रश्न आहे. टेनेसी विद्यापीठाचा धावपटू ख्रिश्चन कोलमन, जो पुढे २०१९ चा विश्वविजेता झाला आणि ज्याच्या नावावर साठ मीटरचा ६.३४ हा जागतिक विक्रम आहे, तो २०१७ मध्ये टर्फवर ४.१२ धावला अशी चित्रफीत विद्यापीठाने प्रसिद्ध केली होती. म्हणजे ४.१२ अशक्य नाही ना?

अर्धवट गणिती (पुणे)

कोलमनसाठी अशक्य नाही. साठ मीटरपर्यंत जगात त्याच्यासारखा दुसरा झालेला नाही आणि तो पहिल्या पावलापासून बोल्टच्या पुढे असतो. परंतु मग प्रश्न असा उरतो, की जगातल्या सर्वोत्तम सुरुवात करणाऱ्या धावपटूची वेळ आणि शंभर किलोंच्या फुटबॉलपटूची वेळ अगदी शतांशापर्यंत सारखी आहे, यावर यार्डमोजणीदारांच्या सहकाऱ्याचा विश्वास बसतो का. बसत असेल, तर ती श्रद्धा आहे आणि तिच्याशी पैज लावू नये.

शिट्टीवाले मास्तर (सातारा)

एक उपाय सुचवतो. आम्ही नव्या वेळाधिकाऱ्यांना शिकवताना असे करत असू. त्या वर्दीच्या धावेची चित्रफीत तुमच्या सहकाऱ्यासमोर लावा, हातात स्टॉपवॉच द्या आणि पाच वेळा वेळ घ्यायला सांगा. आकडे त्याला न दाखवता तुम्ही लिहून घ्या. बाकी काही बोलू नका.

खांबमिठी (सांगली)

मी मोबाइलवर आत्ताच करून पाहिले. अनुक्रमे ४.१७, ४.३३, ४.०८. चौथ्या वेळी बटणच दाबायचे राहिले, कारण त्याच्या पायांकडे पाहत बसलो.

मिशिगनची माई

माझे ४.२६, ४.१४, ४.२९. सुरुवातीला तो हलला कधी हेच कळत नाही. आधी खांदा हलतो, मग हात उचलला जातो, मग पाय. यातली पहिली हालचाल कोणती मानायची?

शिट्टीवाले मास्तर (सातारा)

माई, हा प्रश्न विचारलात, म्हणजे तुम्ही वेळाधिकारी होण्यास पात्र आहात.

यार्डमोजणीदार

मंडळी, आज जेवणाच्या सुट्टीत प्रयोग केला. बैठकीच्या खोलीत मोठ्या पडद्यावर चित्रफीत लावली. कार्यालयातले सात-आठ जण आपापले डबे घेऊन जमले होते. सहकाऱ्याने स्वतःचेच स्टॉपवॉच आणले होते. लेकीच्या पोहण्याच्या सरावासाठी ते त्याच्या गाडीत असते. मास्तरांनी सांगितल्याप्रमाणे आकडे त्याला न दाखवता मी लिहून घेतले: ४.२२, ४.१५, ४.३१, ४.०९, ४.२४.

कागद त्याच्यापुढे ठेवला. चौथ्या आकड्यावर त्याने बोट ठेवले आणि बराच वेळ तिथेच ठेवले. त्याच्याच अंगठ्याने वर्दीला बो जॅक्सनपेक्षा वेगवान ठरवले होते. मग तो म्हणाला, की स्टॉपवॉचची बॅटरी उतरली असावी. सगळे हसले, तोही हसला. जाताना एवढेच म्हणाला, “बो शंभर किलोंचा होता, हे तुझ्या कागदावर कुठे लिहिले आहे?” त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण अर्धवट गणितींनी ते आधीच त्याच्या बाजूने देऊन ठेवले आहे.

भिडू७७

म्हणजे टोपी उतरली की नाही?

यार्डमोजणीदार

दुपारी उतरलेली होती. चार वाजता पुन्हा डोक्यावर दिसली. विचारले, तर म्हणाला, की खोलीत एसी फार आहे. शनिवारी मी वीस वड्या नेणार आहे.